तेरा पॉइंट एक: आण्णांच्या रक्ताची वही

मे 2022 मध्ये आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) आला. हिमोग्लोबिन 13.1, पीसीव्ही (रक्तात लाल पेशींनी व्यापलेला टक्का) 40.1, पांढऱ्या पेशी 10,600, प्लेटलेट 3.1 लाख. मर्यादेबाहेरचे आकडे ठळक छापतात, आणि कागदावर तसा एकच आकडा होता, एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा, आणि तो तसा असायलाच हवा होता. आईने देवापुढे साखर ठेवली. मी रिपोर्टचा फोटो काढून बहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'सगळं नॉर्मल'. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली मोठी चूक तीच, कारण मागच्या सात वर्षांचे आकडे लिहिलेली वही माझ्याच कपाटात होती.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. गाळप सुरू असताना ठरावीक वेळाने रसाचा नमुना येतो, ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) काढायचा, रजिस्टरात लिहायचा. एखादा आकडा मर्यादेत बसला म्हणून कुणी पान मिटत नाही. आधीच्या चार ओळी बघून तो चढतोय की उतरतोय हे आधी पाहायचं, मग सही. नोकरीत हे अंगवळणी पडलेलं होतं. घरी मात्र मी नुसती ठळक अक्षरं शोधत बसलो.

लाल चेहरा

आण्णा ऊस लावणारे. 2015 साली ते 61 वर्षांचे होते. चेहरा तांबूस, हाताचे तळवेही लाल. गावात कौतुक व्हायचं, 'आण्णा, रक्त कसं उसळतंय बघा!' अंघोळ करून आले की मात्र तास-तासभर अंग खाजवत बसायचे. बंबातलं पाणी अंगावर पडलं की खाज सुटायची, पुरळ मात्र काही नाही. दीड वर्ष साबण बदलून झाले, मलमं झाली, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सीबीसी केला आणि तो हातात घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच पुढे ढकललं. हिमोग्लोबिन 18.9, पीसीव्ही 57.4, पांढऱ्या पेशी 13,200, प्लेटलेट 6.1 लाख. धूम्रपान किंवा फुफ्फुसाच्या आजारानेही हिमोग्लोबिन वाढतं, पण मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सहसा अशा सोबत चढत नाहीत. इथे तिन्ही वर होते. रक्ताच्या डॉक्टर मॅडमनी एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक) तपासलं, ते नेहमीपेक्षा कमी निघालं. म्हणजे शरीर लाल पेशी मागत नव्हतं आणि बोन मॅरो, हाडांतला रक्त बनवणारा मगज, आपल्या मनाने बनवत सुटला होता. जॅक-2 जनुकातला व्ही617एफ हा बदल सापडला आणि नाव मिळालं: पॉलिसायथेमिया व्हेरा. हा बदल 2005 मध्ये लक्षात आला आणि या आजाराच्या 95 टक्क्यांहून जास्त रुग्णांत तो असतो. मी पहिला प्रश्न स्वार्थीच विचारला, 'आम्हा भावंडांना?' मॅडम म्हणाल्या, हा जन्मतः आलेला बदल नाही, मॅरोतल्या एका पेशीत पुढे कधीतरी झालेला आहे, मुलांत उतरत नाही.

तेव्हा पुरुषांसाठी निदानाची रेषा हिमोग्लोबिन 18.5 अशी होती. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ती 16.5 वर आणली. जुने कागद उपसले तेव्हा 2012 च्या एका रिपोर्टवर आण्णांचं 17.2 सापडलं. त्यावर कुणीतरी पेनने 'छान' असं लिहिलं होतं.

मॅरोची तपासणी तेव्हाच झाली. रिपोर्टमध्ये 'तंतू वाढलेले नाहीत, श्रेणी शून्य' अशी ओळ होती. तिचं महत्त्व आठ वर्षांनी कळलं.

वही

उपचार तसे सरळ होते. रक्तपेढीत जाऊन 350 मिलिलिटर रक्त काढायचं, रोज 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन, आणि वय साठीच्या पुढे असल्याने हायड्रॉक्सीयुरिया या पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाची 500 ची कॅप्सूल. लक्ष्य एकच: पीसीव्ही 45 च्या खाली. हा आकडा हवेतला नाही. 2013 मध्ये इटलीतल्या 365 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीसीव्ही 45 च्या खाली ठेवलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू किंवा मोठी गुठळी होण्याचं प्रमाण 2.7 टक्के होतं. 45 ते 50 मध्ये ठेवलेल्यांत 9.8 टक्के. मॅडमनी हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले होते. आण्णा त्या दिवसानंतर रक्त काढायला कधी का-कू करत नव्हते. फक्त पिशवी फेकून देतात हे त्यांना सोसायचं नाही. 'कुणाला तरी द्या की,' असं रक्तपेढीतल्या पोरांना दर वेळी सांगायचे.

मी दोनशे पानी वही घातली. तारीख, हिमोग्लोबिन, पीसीव्ही, एमसीव्ही, पांढऱ्या, प्लेटलेट, आणि शेवटी रुंद रकाना, 'शेरा'. खरी माहिती पुढे त्या शेऱ्यातच सापडत गेली.

पहिला धडा नमुन्याचा. एकदा तालुक्याच्या लॅबमध्ये पीसीव्ही 47.1 आला. चार दिवसांनी कोल्हापुरात 44.3. रक्त काढायचं की नाही हे या दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर ठरतं, म्हणून मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. हिमोग्लोबिन 14.6 आणि 14.5, म्हणजे जवळपास तेच. मग पीसीव्हीत एवढी तफावत कशी? मशीन पीसीव्ही थेट मोजत नाही, लाल पेशींची संख्या आणि त्यांचा सरासरी आकार यांवरून हिशेब करते. तालुक्याची ट्यूब सकाळी भरली होती आणि गाडीने दुसऱ्या गावी जाऊन रात्री मशीनवर चढली होती. ट्यूबमध्ये पडून राहिलं की पेशी फुगतात, एमसीव्ही वाढतो, त्यासोबत पीसीव्हीही. हिमोग्लोबिन मात्र हलत नाही. शिळा नमुना काय करतो हे उसाच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तोडून ठेवलेल्या उसाचं वजन आणि साखर दोन्ही जातात. तेव्हापासून एकच लॅब, सकाळी दहाच्या आत, आदल्या रात्री आणि सकाळी भरपूर पाणी पिऊन. निर्जळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तपासणी नाही. शरीरात पाणी कमी असलं की रक्त आटल्यासारखं होतं आणि आकडा उगीच चढतो.

दुसरा प्रसंग 2017 चा. आण्णांना थकवा होता, गावातल्या डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं, 6 आलं, म्हणजे फारच कमी. रिपोर्टवर ते ठळक होतंच. त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि समोरच्या माणसाचा आजार माहीत नसता तर कुणीही दिल्याच असत्या. सात आठवड्यांनी पीसीव्ही 51.6. मॅडम चिडल्या, पण आमच्यावर. रक्त काढण्याचा अर्धा हेतूच लोह संपवण्याचा असतो. 350 मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जातं, आणि लोहच नसलं तर मॅरोला कितीही हौस असली तरी लाल पेशी भरता येत नाहीत. आम्ही त्या गोळ्यांनी ब्रेक काढून टाकला होता. त्या दिवसापासून आण्णांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहिलंय: 'लोह देऊ नये. विचारल्याशिवाय टॉनिकही नाही.' शेजारच्या काकूंच्या बीट-खजुराच्या डब्याला मात्र कुणी अडवू शकलं नाही.

कॅप्सूलची सही

हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्याच्या लाल पेशी आकाराने मोठ्या होतात. आण्णांचा एमसीव्ही निदानाच्या वेळी 79 होता, कॅप्सूल सुरू होऊन वर्ष झालं तेव्हा 103. मॅडम त्याला 'कॅप्सूलची सही' म्हणायच्या.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचा महापूर आला. महामार्ग बंद, कोल्हापूर तुटलेलं, आमच्याकडची कॅप्सूल संपली. वहीत त्या महिन्याची ओळ कोरी आहे आणि शेऱ्यात फक्त 'पूर'. रस्ते उघडल्यावर मी औषध आणून दिलं. सप्टेंबरमध्ये प्लेटलेट 3.4 वरून 5.2 लाखांवर गेलेल्या दिसल्या, ते पुराच्या खंडामुळे असं धरून चाललो. नोव्हेंबरमध्ये त्या 6.8 लाख झाल्या आणि एमसीव्ही 96 वर आला. इथे मी जरा थांबलो. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगतात, त्यामुळे औषध थांबलं की त्या पंधरवड्यात बोलतात. लाल पेशी 120 दिवस जगते, म्हणून एमसीव्ही उतरायला महिने लागतात. तीन आठवड्यांच्या खंडाने तो नोव्हेंबरपर्यंत घसरत राहणार नाही.

'आण्णा, कॅप्सूल घेताय ना?'

'घेतोय की रे.'

'रोज?'

भाकरी मोडता मोडता म्हणाले, 'एक दिवसाआड. पुरात नव्हती तर काय धाड भरली होती मला? आणि मेडिकलवाला म्हणाला, ही कॅन्सरची गोळी हाय.'

त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या आजारात दुखत काहीच नाही त्याची गोळी माणूस रोज कशाच्या भरवशावर घेणार? मी वही उघडून प्लेटलेटचा रकाना दाखवला. आकडे त्यांना कळतात, टनेजचा हिशेब आयुष्यभर केलाय. दुसऱ्या दिवसापासून रोज सुरू.

त्याच नोव्हेंबरात पोटॅशियम 5.9 आल्याने घरी धावपळ झाली. नमुना गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम बाहेर पडतं, आणि प्लेटलेट फार असल्या की आकडा खोटा चढतो. गोठू न दिलेल्या नमुन्यावर पुन्हा केलं, 4.4.

उतरता आकडा

आता मूळ प्रकरण. शेवटची पिशवी नोव्हेंबर 2020 मध्ये काढली, तेविसावी. त्यानंतर पीसीव्ही 45 च्या वर गेलाच नाही. आम्हाला वाटलं आजार वठणीवर आला. वहीतल्या ओळी जशाच्या तशा देतो:

मार्च 2021: हिमोग्लोबिन 14.1, पांढऱ्या 7,900, प्लेटलेट 3.6 लाख. शेरा: रक्त काढायचं नाही.
ऑक्टोबर 2021: 13.6, 9,100, 3.4 लाख. शेरा: छान.
मे 2022: 13.1, 10,600, 3.1 लाख. शेरा: सगळं नॉर्मल. कॅप्सूल दोनवरून एक.
नोव्हेंबर 2022: 12.1, 14,200, 2.9 लाख. शेरा: जेवण कमी. थंडी?
मार्च 2023: 10.8, 19,800, 2.3 लाख.

मार्चचा शेरा कोरा आहे. ते पान समोर ठेवून मी बराच वेळ बसलो होतो.

नोव्हेंबरमध्ये आम्ही घरच्या घरी दोन खुलासे केले होते. हिमोग्लोबिन उतरलं, कारण इतकी वर्षं घेतलेल्या कॅप्सूलचा भार मॅरोवर पडला असेल. पांढऱ्या वाढल्या, कारण कॅप्सूल अर्धी केली. एकेकटा खुलासा पटण्यासारखा होता. मार्चमध्ये दोन्ही शेजारी वाचले तेव्हा घोळ दिसला: एकच कॅप्सूल एकाच वेळी लाल पेशींना जास्त आणि पांढऱ्यांना कमी कशी पडेल? डोस कमी केल्यावर हिमोग्लोबिन वर यायला हवं होतं. दहा महिने झाले तरी ते खालीच जात होतं. 2015 पासून ज्या मॅरोला आम्ही मागे खेचत होतो, तो आता कुणी न खेचता मागे येत होता.

रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरात पॅथॉलॉजिस्टची टीप असते. ती मी कधी वाचतच नव्हतो. आकडे उतरवले की पान उलटत नसे. मार्चच्या टिपेत होतं की काचपट्टीवर अश्रूच्या थेंबासारख्या लाल पेशी दिसतात, केंद्रक असलेल्या थोड्या कोवळ्या लाल पेशी आणि पांढऱ्यांतल्याही कोवळ्या पेशी आहेत. नोव्हेंबरचं दुसरं पान काढलं. तिथेही 'क्वचित अश्रूबिंदू पेशी' असे शब्द होते. मशीनच्या आकड्यांत ही गोष्ट येत नाही, माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तरच दिसते.

बाकीची लक्षणं घरात समोरच होती, फक्त वहीत त्यांना रकाना नव्हता. आण्णा दोन भाकऱ्यांवरून अर्ध्या भाकरीवर आले होते, म्हणायचे 'दोन घास खाल्ले की पोट टम्म होतं'. आई पहाटे त्यांचा बनियन पिळून वाळत घालायची. सहा महिन्यांत वजन 66 वरून 58. सोनोग्राफीत प्लीहा 19 सेंटिमीटर निघाली, 2015 मध्ये 14 होती. एलडीएच (पेशी तुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) लॅबच्या वरच्या मर्यादेच्या अडीचपट.

मॅडमनी पोटावर हात ठेवला, वही चाळली आणि म्हणाल्या, मॅरो पुन्हा बघू. या वेळी कमरेच्या हाडात सुई घातली पण द्रव ओढला तर काहीच येईना. मग हाडाचा बारीक तुकडा काढला. तंतूंची श्रेणी तीन, आणि मोजपट्टी तिथेच संपते. पॉलिसायथेमियानंतरचा मायलोफायब्रोसिस. मॅरोत व्रणासारखे तंतू पसरतात, रक्त बनवायला जागा उरत नाही, मग प्लीहा आणि यकृत ते काम अंगावर घेतात आणि त्या धांदलीत कोवळ्या पेशी बाहेर निसटतात. प्लीहा फुगून पोट दाबते म्हणून भाकरी कमी. रक्त काढायची गरज आपोआप संपणं हे या बदलाच्या मान्य लक्षणांपैकी एक आहे. आम्ही त्यालाच साखर ठेवली होती.

मे 2022 मध्येच हे उमगलं असतं तर काय बदललं असतं, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तंतू थांबवणारं औषध तेव्हाही हाताशी नव्हतं, पण हिवाळ्यातलं आठ किलो वजन वाचवता आलं असतं. बरं वाटावं म्हणून त्या यापेक्षा गोड बोलल्या नाहीत, हे मला आवडलं. मुळापासून बरं करणारा उपाय म्हणजे दुसऱ्याच्या मॅरोचं प्रत्यारोपण. 69 व्या वर्षी त्यातला धोका ऐकून आण्णांनीच नको म्हटलं.

उलटी वही

जून 2023 मध्ये रुक्सोलिटिनिब सुरू झालं. त्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी आणि हिपॅटायटिस बी, कारण या औषधाने दबून असलेला संसर्ग डोकं वर काढू शकतो. मॅडमनी आधीच बजावलं होतं की पहिले दोन-तीन महिने हिमोग्लोबिन आणखी खाली जाईल, तेव्हा घाबरून गोळी एकदम बंद करायची नाही. बंद केल्यावर सगळी लक्षणं एका दमात परत उसळतात. दर पंधरा दिवसांनी सीबीसी. 10.6, 9.7, 9.0, 8.4, आणि दहाव्या आठवड्यात 7.8. आण्णांना जिना चढता येईना.

रक्त द्यावं लागलं. त्याच रक्तपेढीत, जिथे तेवीस वेळा आमची पिशवी काढून फेकली होती. आठ लिटरच्या वर होतं ते रक्त. आण्णा खाटेवर पडून वर लटकलेल्या पिशवीकडे बघत म्हणाले, 'ठेवलं असतं बाजूला तर आज विकत घ्यावं लागलं नसतं.' रक्तपेढीतला तोच जुना तंत्रज्ञ हसला.

वहीत त्या तारखेला लाल शाईने 'एक पिशवी दिली' असं लिहिलंय. तसं लिहिलं नसतं तर पुढच्या ओळीतलं 8.7 हे औषधाचं यश समजून मी पुन्हा बहिणीला फोटो पाठवला असता. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम चढतंच. त्यानंतर पिशवी लागली नाही. आकडा 9.2 आणि 9.6 च्या दरम्यान बसला. प्लीहा 15 सेंटिमीटरवर आली, वजन 62, पहाटेचा बनियन कोरडा. अंघोळीनंतरची खाजही जवळजवळ गेली.

वहीचे रकाने मी नव्याने आखले. पीसीव्हीचा रकाना, ज्यासाठी सात वर्षं जीव टांगणीला लावला होता, तो आता अरुंद आहे. वजन, प्लीहा, किती भाकरी खाल्ली हे आहे. 'दुसरं पान' नावाचा रकाना आहे, त्यात पॅथॉलॉजिस्टची टीप शब्द न शब्द उतरवतो. आणि एक रकाना ब्लास्टचा. कोवळ्यांतल्या या सगळ्यात कोवळ्या पेशी. त्या 20 टक्क्यांवर गेल्या की त्याला ल्युकेमिया म्हणतात. आतापर्यंत त्या रकान्यात 1, 0, 1, 1, 0, 1 असं आहे. तो मी आण्णांना वाचून दाखवत नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही, मात्र वही चाळताना त्यांचं बोट त्या रकान्यावर थांबलेलं मी एकदा पाहिलंय.

मागच्या सोमवारी मी लॅबमधून घरी आलो तेव्हा ते पायरीवर बसले होते. आमच्या भागात साखरेचा उतारा बारा टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि हंगाम सुरू झाला की रोज संध्याकाळी ते कारखान्याचा उतारा विचारतात. मी 11.8 सांगितला.

'आणि माझा?'

'नऊ पॉइंट चार.'

'मागच्या खेपेला?'

'नऊ चार.'

'हं,' म्हणाले, आणि चपला घालून उसाकडे गेले.